खडी

"बघा, गाळ कसा झटकन तळाला बसतो," काचेची नळी उंचावत साहेब म्हणाले. "मग बाहेर पाणी घाण का येतंय?"

सांडपाणी साफ करणारे जिवाणू एकमेकांना धरून राहावेत म्हणून मी टाकीत खनिजाची पूड बेताने घालायची. तिच्या कणांभोवती जमून त्यांचे मोहरीएवढे मऊ गोळे झाले होते. मी बाळंतपणाला गेले आणि ते जड व्हावेत म्हणून साहेबांनी पोतीच्या पोती ओतली.

मी नळी त्यांच्या टेबलावर उपडी केली. गोळे टेबलाच्या काचेवर खडखडत पसरले.

"ही खडी आहे. यात जिवंत काही उरलं नाही. नवे गोळे वाढायला वर्ष जाईल, तोवर नदीकाठच्या गावांनी काय प्यायचं?"

साहेबांनी रुमालाने टेबल पुसलं.

"चिडू नका. अजून किती पोती टाकू, तेवढं सांगा."