कोरी तक्रारवही

तपासनीस बाईंनी तक्रारवही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत उलटली, मग शेवटाकडून पुन्हा चाळली. एक अक्षर नव्हतं. वहीला खाकी कव्हर घातलेलं होतं आणि कव्हरावर धूळसुद्धा नव्हती.

"सहा वर्षं," त्या म्हणाल्या. "नऊ जणी. रोज कॉस्टिक सोड्याचं काम. आणि एकही तक्रार नाही?"

साबणाच्या त्या छोट्या कारखान्याच्या मालकीणबाई, ज्यांना सगळ्या जणी ताई म्हणत, जराशा अभिमानानंच हसल्या. सकाळपासून सगळं सुरळीत चाललं होतं. धुण्याचं पाणी बाहेर सोडण्याआधी तीन टाक्यांमधून जात होतं; शेवटच्या टाकीत बुडवलेली तपासणीची पट्टी हवी तेवढीच हिरवी झाली होती. तेलं कुठून येतात त्याचे कागद तयार होते. माणसं आणि पाणी जपणाऱ्या उद्योगांना मिळणारा तो शिक्का वेष्टनावर आला नाही, तर मोठी दुकानं पुढच्या महिन्यापासून साबण घेणार नव्हती. मग नऊ जणींपैकी निम्म्यांना घरी बसावं लागणार होतं.

"कोऱ्या वहीला मला शून्य द्यावं लागतं," तपासनीस बाई म्हणाल्या. "एक तर ती कोणी वाचत नाही, नाहीतर लिहायला सगळे घाबरतात. आणि या सदरात शून्य असलं की बाकीचे गुण धरतच नाहीत."

ताईंचं हसू मावळलं.

वड्या कापणारीनं हातातली तार खाली ठेवली. तिला सगळ्या वकील म्हणत. "घाबरतंय कोण? आमचं ठरलंय तसं. वही कोरी ठेवायची. दर सोमवारी मी तिच्यावरची धूळ पुसते."

"ठरलंय?" ताईंनी विचारलं. त्यांनाही हे नवीन होतं.

"खाल्ल्या घरचे वासे मोजायची सवय नाही आम्हाला," मावशी म्हणाल्या. त्या सगळ्यांत जुन्या. कॉस्टिकचं पाणी तेलात ओतायचं काम त्यांचं. "माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा तीन महिने संध्याकाळचा डबा कोणी आणला? यांनी. आणि मी यांच्याच नावानं खडे फोडू?"

"मला वासे मोजायचाच पगार मिळतो," तपासनीस बाई म्हणाल्या.

वकील तेवढी हसली. तपासनीस बाईंनी पेनाला टोपण लावलं आणि कागद गोळा करायला घेतले.

मावशींनी ताईंच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं. मग उजव्या हातातला रबरी मोजा ओढून काढला. अंगठ्याच्या मुळाशी कॉस्टिकनं भाजल्याचे नखाएवढे दोन डाग होते. एक जुना, एक ताजा.

"मोजे मोठे होतात," त्या म्हणाल्या. "पुरुषी मापाचे आहेत. बोटांची टोकं लोंबतात, भांड्याची कड नीट धरता येत नाही. मग शेवटचं ओतताना उजवा काढून ठेवते."

"कधीपासून?" ताईंनी विचारलं.

"पहिल्यापासून. सगळ्यांनाच मोठे होतात. वकील तर मनगटाला दोरा बांधते."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही किती हौसेनं आणले होते. त्यातल्या त्यात भारीतले."

हे कागदावर गेलं तर शिक्का मिळेल की हातचा जाईल, ताईंना कळत नव्हतं. त्यांनी वही मावशींपुढे सरकवली आणि स्वतःचं पेन दिलं.

"लिहा. तारीख घाला. डागांचंही लिहा."

मावशींनी सावकाश, मोठ्या अक्षरांत चार ओळी लिहिल्या. तपासनीस बाईंनी त्या उभ्या उभ्याच वाचल्या आणि शेजारी सही केली.

"शिक्क्याचा अर्ज मी बंद करत नाही," त्या म्हणाल्या. "पंधरा दिवसांनी येईन. या ओळींचं पुढे काय झालं ते बघेन, आणि मग ठरवेन."

त्या गेल्यावर मावशी अवघडून तिथेच उभ्या राहिल्या. "राग नाही ना आला?"

ताईंनी टेबलावर कागदाचा ताव पसरला. मावशींचा उजवा हात धरून त्यावर ठेवला, बोटं जराशी फाकवली आणि पेन्सिलीनं कडेकडेनं रेघ ओढायला घेतली. करंगळीकडून सुरुवात केली. अंगठ्याच्या मुळाशी पेन्सिल थांबली, आणि डागाला न लागता केसभर बाहेरून वळली.

"उपकार झाले तुमचे," ताई मान वर न करता म्हणाल्या.

"गुदगुल्या होतात," मावशी म्हणाल्या. पण हात हलवला नाही. त्यांच्या मागे आठ जणी मोजे काढून रांगेत उभ्या होत्या.