तांबडी हरली त्या दिवशी

"पटायचं नाही तुला, आजवर कोणालाच पटलं नाही, पण त्या दिवशी तांबडी घोडी चालता चालता माझ्यापाशी थांबली आणि माझ्या कानात म्हणाली, आज लाव."

दुर्बीणकाका हे सांगत होते जॉकीच्या मुलीला, पण आवाज असा लावला होता की तीन घरं पलीकडच्या बहिऱ्यालाही ऐकू जावं. खुद्द जॉकी खिडकीपाशी खुर्चीत बसला होता, तोंडापुढे पेपर धरून. खोलीत खोकी बांधून झाली होती. पाच वाजता गाडी येणार होती आणि मुलगी बापाला कायमचं आपल्या घरी घेऊन जाणार होती, दोन दिवसांच्या वाटेवर. आत्ता सव्वाचार झाले होते.

बावीस वर्षं जॉकी काकांशी एक अक्षर बोलला नव्हता. गल्ली एक, न्हावी एक, तरी "जरा सरक" हेसुद्धा न्हाव्यामार्फत. जाण्याआधी त्याच्या तोंडून एक शब्द काढायचा, मग ती शिवी का असेना, एवढ्यासाठी काका आले होते. घोड्यांबद्दल कोणी खोटं बोललं की या माणसाच्या अंगाचा तिळपापड होतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून आज ठेवणीतल्या थापा बाहेर काढल्या होत्या.

काकांनी जन्मात नोकरी केली नाही की दुकान टाकलं नाही. शर्यतीआधी घोडे गोल फिरवतात तिथल्या कठड्याला टेकायचं, गळ्यात दुर्बीण, आणि बघायचं. कान कसे आहेत, पाऊल कसं पडतं, घाम कुठे फुटलाय. मग पैसे लावायचे आणि त्यावर घर चालवायचं. आठवडा चांगला गेला की दारांना नवे पडदे, वाईट गेला की तेच पडदे बाजारात. शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय विचारला की काकू बिनदिक्कत 'निरीक्षक' लिहायच्या. आणि सकाळी उजाडता उजाडता सराव. ओल्या गवतावरून घोडे वाफा टाकत यायचे, जॉकी खाली उतरायचा, दोघं एका पेल्यातला चहा अर्धा अर्धा प्यायचे. तांबडी मान मध्ये घालून पेला हुंगायची. तेवढ्यासाठी काका आणखी एक जन्म पडदे विकायला तयार होते.

पेपर हलला नाही. काकांनी पुढची थाप सोडली. तांबडी त्या दिवशी अशी सुटली, की दुसऱ्या दिवशीच्या शर्यतीतले घोडे आदल्या दिवशीच मागे पडले. मुलगी हसली. जॉकीने पान उलटलं.

"आणि शेवटच्या वळणावर," काका खुर्चीच्या कडेला सरकले, "तुझ्या बापाने चाबूक काढला आणि असं फोडून काढलं तिला, की वळ मोजून घ्यावेत."

पेपरची कड थरथरली. जॉकी चाबूक बाळगायचा तो लख्ख उन्हात म्हाताऱ्याने छत्री बाळगावी तसा. त्या घोडीला त्याने कधी बोटही लावलं नव्हतं. पण पेपर पुन्हा स्थिर झाला.

मुलीने मग सरळच विचारलं. तुमचं बोलणं बंद कशावरून झालं, बाबा कधी सांगत नाहीत, तुम्ही तरी सांगा.

काकांकडे यावर थाप नव्हती. खरं सांगावं लागलं. तांबडी नाकभर अंतराने हरली होती. काकांनी घरातलं होतं नव्हतं ते तिच्यावर लावलं होतं. जॉकी घोडीवरून उतरला, तोंडभर चिखल, नुसते डोळे दिसत होते, आणि काकांनी शंभर माणसांत त्याला विचारलं, "किती घेतलेस रे हरायचे?" जॉकीने नुसतं बघितलं. ते बघणं शेवटचं. तिसऱ्या दिवशी जनावरांच्या डॉक्टरने सांगितलं, घोडीच्या पुढच्या पायाचं हाड तडकलंय, आणखी शंभर पावलं दामटली असती तर तिथेच कोसळली असती, वर बसलेला खाली चिरडला असता. वर बसलेल्याला ते मांडीखाली कळलं होतं, म्हणून त्याने लगाम आवरला होता.

"आणि मी," काका म्हणाले, आता आवाज खोलीपुरताच उरला होता, "घोड्यांचे पाय बघून जगलेला माणूस. मी तेवढा वेळ दुर्बीण जिंकायच्या खांबावर लावून उभा होतो."

बाहेर कोणाची तरी गाडी वळली. काकांनी घड्याळाकडे पाहिलं.

"मग?" तिने विचारलं.

"मग काय." पुढचं काकांनी घरून ठरवून आणलेलं नव्हतं. जीभ आपली पूर्वीच्या सवयीने पुढे पळाली. "मग मी तसाच तबेल्यात गेलो. बोललो होतो चारचौघांत, म्हणून माफीही चारचौघांतच मागितली. टोपी काढली, तुझ्या बापाचे पाय धरले, म्हटलं चुकलो."

जॉकीने पेपर खाली घेतला. त्याची घडी घातली, आधी उभी, मग आडवी, आणि मांडीवर ठेवली.

"खोटं," तो म्हणाला. "माफी मागितली नाहीस तू. अजून नाही."