ओळखीचं माणूस

विमानतळावर माल तपासायची नोकरी प्रीतमला लागल्यात जमा होती. घोडं अडलं होतं ते पोलीस पडताळणीपाशी. दारू पिऊन टेम्पो चालवला आणि एका बाईला उडवलं, ही केस त्याच्या नावावर होती. शिक्षाही भोगून झाली होती.

"दारू सोडली म्हणतोस, पण तुझ्या बाजूनं सांगणारं कोणी आहे का?" हवालदारांनी विचारलं. "घरातलं माणूस चालणार नाही."

"आहे ना साहेब, चला," म्हणत प्रीतम त्यांना थेट नावड्याच्या नाक्यावर, भाजी विकणाऱ्या गोजरामावशीकडे घेऊन गेला.

"याला ओळखता?" हवालदारांनी विचारलं.

"न वलखायला काय झालं? माझा पाय यानंच मोडलाय," मावशीनं लंगडा पाय पुढं केला. "पोलिसांच्या ताब्यात पन मीच दिला याला."

हवालदार प्रीतमकडे वळले. "अरे, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? साक्षीला हिच्याकडे आणलंस?"

"दुसऱ्या कोणाचं तुम्ही खरं मानलं असतं का, साहेब?" प्रीतम शांतपणे म्हणाला.

हवालदारांनी वही उघडली. मग मावशीला म्हणाले, "बरं, आता पितो का हा?"

"कालपर्यंत तरी नाय." मावशीनं मेथीवर ओलं फडकं टाकलं आणि हात पुसले. "आजचं बघायचं ऱ्हायलंय. ये रं, आ कर."

प्रीतम रोजच्या सवयीनं तिच्यापुढं वाकला.