टाकीतलं पाणी

सदुसष्टच्या मे महिन्यात मी बोईसरच्या एका कारखान्यात आगीच्या बंबावर ड्रायव्हर होतो. कुंपणापलीकडेच आमचा पाडा, सगळी घरं झावळ्यांची. भरदुपारी पाडा पेटला. विहीर आटलेली. साहेब तारापूरला जेवायला गेलेले, आणि त्यांच्या सहीशिवाय बंब फाटकाबाहेर काढायचा नाही असा नियम. आई हंडा घेऊन फाटकाशी धावत आली. "बंब नाय तर नाय, हंडाभर पानी तरी दे रे!" बंबाची टाकी कायम भरलेली हवी, हाही नियमच. नोकरी जाईल म्हणून मी जागचा हललो नाही. संध्याकाळी साहेबांनी माझी पाठ थोपटली. "शिस्त याला म्हणतात!" दुसऱ्या दिवशी शनिवार. दर शनिवारी टाकीतलं शिळं पाणी बदलायचं, हाही नियम. नळी धरून मी सगळी टाकी साहेबांच्या गुलाबांवर रिकामी केली. कुंपणापलीकडे आई उभी होती. हंडा अजून तिच्या कडेवरच होता.