मंगळवारची बैठक

मंगळवारी सकाळी सव्वानऊला वंध्यत्व उपचार केंद्रातल्या बंद दारामागे तिची फाइल उघडली गेली. मोठ्या डॉक्टरीणबाई, प्रयोगशाळेचे प्रमुख, आहारतज्ज्ञ, समुपदेशक आणि परिचारिका अशी पाच माणसं टेबलाभोवती बसून तिच्या चौथ्या उपचारफेरीची तारीख ठरवत होती. तिसऱ्या फेरीतल्या सुयांचे काळेनिळे डाग अजून पोटावर वागवत ती मात्र बाहेर बाकावर, नवऱ्याशेजारी बसली होती.

"मी आत कधी जायचं?" तिने स्वागतकक्षातल्या बाईंना विचारलं.

"तुम्ही कशाला, ताई? आत तुमच्याबद्दलच तर चाललंय! ठरलं की सांगतील."

"बस गं," नवरा कुजबुजला. "जाणकार माणसं आहेत ती."

"असतील. पण पोट माझं आहे ना?" असं म्हणून ती उठली आणि दार ढकलून आत गेली.



फाइलमधल्या 'रुग्णाचं मत' या रकान्यात आधीच्या तिन्ही वेळी परक्याच अक्षरात 'संमती आहे' असं लिहिलेलं होतं. तिने समुपदेशकांच्या हातातलं पेन मागून घेतलं आणि चौथ्या ओळीवर 'सहा महिने थांबायचं आहे' असं लिहून खाली सही केली.