मतदारयादीतली दोन नावं

विधानसभेची लढत अटीतटीची होती. मतदारांचा कल विचारायच्या सर्वेक्षणात रूपाला खालापूरजवळचं नेमकं तिच्या माहेरचंच गाव मिळालं. दर दहावं घर घ्यायचं होतं आणि खालच्या आळीतलं दहावं घर तिच्या वडिलांचं, अण्णांचं निघालं. नऊ वर्षांपूर्वी तिनं त्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं, तेव्हापासून बोलणं बंद होतं. ते घर सोडून तिला पुढे जाता आलं असतं, पण आई दिसेल म्हणून तिनं कडी वाजवली. अण्णांनी दार उघडलं, तिच्या ओळखपत्रावरचं नवं आडनाव वाचलं आणि परक्यासारखं म्हणाले, "बोला, काय पायजे तुमाला?" मत कोणाला देणार, रस्ते कसे आहेत, सगळ्याची त्यांनी नीट उत्तरं दिली. मग रूपा म्हणाली, "घरातल्या एका बाईचंही मत घ्यायचंय. बोलावता का?" अण्णांनी पुन्हा एकदा तिच्या ओळखपत्राकडे पाहिलं. "ती नाय आता. शिमग्याच्या आधी वारली. तुमाला कळवायला नंबर नव्हता." रूपानं हातातल्या टॅबवरचा तो रकाना रिकामाच सोडला. "मतदारयादीत या घरातल्या बायांची दोन नावं हायत अजून, तिचं नि पोरीचं," ते म्हणाले. "काढून टाका म्हणतात. मी एकपण नाय काढलं." रूपाचे प्रश्न तिथंच संपले होते. तरी टॅबकडेच बघत तिनं विचारलं, "जेवण कोण करतं?" "माझं मीच." "गोळ्या वेळेवर घेता?" "कधी कधी ऱ्हातात." तिनं टॅब बंद केला. अण्णांनी खुर्ची तिच्याकडे सरकवली. "उभी कशाला? बस गं."