कबरेपुढचं पान

चाळीस वर्षं संडे स्कूलच्या मुलांना गोष्टी सांगून सांगून आईचं नावच ‘टीचर’ पडलं होतं. आता तिला पोटच्या लेकीचंही नाव आठवत नाही.

सकाळची मालिका संपली की लेक टीव्ही बंद करते, बायबल उघडते आणि प्रभूची गोष्ट वाचायला घेते. टीचर ती रोज नव्यानेच ऐकते. क्रुसापाशी आलं की उशी भिजेपर्यंत रडते, आणि कबरेवर धोंड लोटेपर्यंत तिचा डोळा लागलेला असतो. पुढचं पान रोजच राहून जातं.

गेल्या महिन्यात वडिलांना पुरून आल्यापासून त्या पानाची गरज खरं तर लेकीलाच जास्त होती. आज तिने पेंगुळलेल्या आईला हलवून जागं केलं.

“रडू नकोस गं आई. तिसऱ्या दिवशी तो उठतो. तूच तर शिकवलंस मला!”

टीचरने डोळे पुसले. वर्गातल्या एखाद्या भाबड्या पोरीकडे बघावं तसं लेकीकडे बघितलं आणि तिच्या गालावरून हात फिरवला.



“अगं वेडे, गेलेलं माणूस परत येतं होय कधी? ते सगळं मालिकेत.”